दुप्पट आवाज म्हणजे ३, ६ की १० डेसिबल?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. डेसिबलची गणितं सोडवता येतात, उत्तरंही जुळतात, पण आतून काही कळल्यासारखं वाटत नाही. कुठं अडतंय ते लिहिते.

एका गणितात एका यंत्राचा आवाज ८० डेसिबल दिलाय. शेजारी तसंच दुसरं यंत्र सुरू केलं की उत्तर ८३. म्हणजे दुप्पट झालं की ३ वाढतात. दुसऱ्या गणितात अंतर दुप्पट केलं की ६ कमी होतात. आणि पुस्तकात चौकटीत लिहिलंय की १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो. तिन्ही ठिकाणी 'दुप्पट'च आहे. मग खरा आकडा कुठला? सूत्र पाठ आहे, तेव्हा सूत्र सांगू नका, कारण सांगा.

---

फळा_खडू

तुझी तिन्ही वाक्यं बरोबर आहेत. फक्त दर वेळी दुप्पट होणारी गोष्ट वेगळी आहे. पण आधी तीव्रतेपाशी थांबू. डेसिबलकडे घाईनं गेलं की तीव्रता कच्ची राहते, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तीस वर्षं शिकवताना हेच बघितलं.

आवाज करणारी कुठलीही वस्तू भोवताली ऊर्जा पाठवत असते. दर सेकंदाला किती पाठवते ती तिची ध्वनिशक्ती, वॉटमध्ये. तू जिथं उभी आहेस तिथं एक चौरस मीटरची चौकट धरलीस, तर तिच्यातून दर सेकंदाला जेवढी ऊर्जा पार होते ती त्या जागेची तीव्रता. शक्ती यंत्राची असते, तीव्रता जागेची. हा फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

आता हे आकडे किती बारीक असतात ते बघ. माणूस साधं बोलतो तेव्हा एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतात. तीव्रतेत सांगायचं तर दर चौरस मीटरला एका वॉटचा दहा लाखावा भाग. एक मीटर त्रिज्येच्या गोलाचं पृष्ठफळ १२.६ चौरस मीटर. म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडून निघणारी एकूण शक्ती १२-१३ मायक्रोवॉट. वानखेडे स्टेडियममध्ये तेहतीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. ती सगळी एकाच वेळी साधं बोलू लागली, तरी सगळ्यांची मिळून ध्वनिशक्ती अर्ध्या वॉटलाही पोचत नाही.

आणि कान याहूनही कितीतरी खालचं ऐकतो. १००० हर्ट्झला निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारी तीव्रता म्हणजे १०चा उणे १२वा घात, वॉट प्रति चौरस मीटर. एका वॉटचा लाख-कोटीवा भाग! इतक्या हळू आवाजात हवेचे कण जेवढे मागेपुढे होतात ते अंतर एका अणूच्या व्यासाहूनही कमी असतं. दुसऱ्या टोकाला १ वॉट प्रति चौरस मीटरच्या आसपास कान दुखू लागतो. दोन्ही टोकांच्या मध्ये लाख कोटी पटींचं अंतर आहे.

एवढा पल्ला साध्या आकड्यांत लिहीत बसणं सोयीचं नाही, म्हणून आपण पटी मोजतो. जेमतेम ऐकू येणाऱ्या तीव्रतेच्या किती पट, हे काढायचं, त्याचा लॉग घ्यायचा आणि दहानं गुणायचं. दर दहा पटीला १० डेसिबल. लाख कोटी पटीला १२ वेळा १०, म्हणजे १२०. पट दोनची असेल तर दोनचा लॉग ०.३०१, म्हणून ३.

आता तुझे तीन 'दुप्पट'.

दुसरं यंत्र सुरू झालं तेव्हा तीव्रता दुप्पट झाली. ३ डेसिबल वाढले.

अंतर दुप्पट झालं तेव्हा यंत्राची शक्ती तेवढीच राहिली, पण ती चौपट पृष्ठभागावर पसरली. फुगा फुगवताना त्रिज्या दुप्पट झाली की रबर चौपट जागेवर ताणलं जातं, तसं. तीव्रता चौथा हिस्सा उरली. चौथा हिस्सा म्हणजे दोनदा निम्मी, म्हणून ३ आणि ३ मिळून ६ उणे.

तिसरं वाक्य भौतिकशास्त्राचं नाही, ऐकणाऱ्याचं आहे. माणसांना आवाज ऐकवून 'आता दुप्पट मोठा वाटतो का?' असं विचारत केलेल्या प्रयोगांतून आलेला तो सरासरी आकडा आहे. तीव्रता दहापट झाली की बहुतेकांना आवाज दुप्पट वाटतो. म्हणून गणितात 'वाटतो' हा शब्द दिसला तरच १० वापर.

---

रात्रपाळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). मुलाला वाचायला देतोय.

---

कृष्णाकाठची

सर, तीव्रता जागेची आणि शक्ती यंत्राची, हे पहिल्यांदा नीट समजलं. खूप आभार.

अजून दोन शंका. ० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर ३ डेसिबल होणार का? शून्य अधिक शून्य तीन, हे पटत नाही. आणि दोन आवाज सारखे नसले, समजा ६० आणि ७०, तर काय करायचं?

---

फळा_खडू

हो, ३च होणार. ० डेसिबल म्हणजे आवाज नाही असं नव्हे. ० डेसिबल म्हणजे संदर्भ तीव्रतेच्या, म्हणजे त्या जेमतेम ऐकू येणाऱ्या तीव्रतेच्या, बरोबर एक पट. एकचा लॉग शून्य, एवढंच. तसे दोन आवाज एकत्र आले की दोन पट, म्हणून ३.

पट एकाहून कमी असली तर आकडा उणेसुद्धा येतो. अमेरिकेत रेडमंडला मायक्रोसॉफ्टची एक निःशब्द खोली आहे. तिथं २०१५ साली उणे २० डेसिबलच्याही खालची नोंद झाली. संदर्भ तीव्रतेच्या शंभराव्या भागाहून कमी. पूर्ण शांतता म्हणजे तीव्रता शून्य, आणि शून्याचा लॉग घेताच येत नाही. त्यामुळे डेसिबलच्या पट्टीवर पूर्ण शांततेला जागाच नाही.

६० आणि ७०चं मीटरवालीताई सांगतील. त्यांचं रोजचं काम आहे ते.

---

मीटरवाली

सर, आठवण काढलीत, धन्यवाद. मी कारखान्यांमध्ये आवाजाची मोजमापं करते.

६० म्हणजे दहा लाख पट, ७० म्हणजे एक कोटी पट. बेरीज एक कोटी दहा लाख. त्याचा लॉग घेऊन दहानं गुणलं की ७०.४. दहाचा फरक असला की लहान आवाज जवळपास बुडून जातो. आमच्या डोक्यात एक छोटा तक्ता पक्का असतो. दोन आवाजांत फरक ० असेल तर मोठ्यात ३ मिळवायचे, फरक १ असेल तर २.५, फरक ३ असेल तर १.८, फरक ६ असेल तर १ आणि फरक १० असेल तर ०.४. त्यापुढे मोठाच आकडा धरून चालायचं.

याचा उपयोग कुठं होतो ते सांगते, कारण इथं लोकांचे पैसे वाया जाताना मी बघते. एका शेडमध्ये चार यंत्रं आहेत असं धर: ९२, ८४, ८२ आणि ८० डेसिबल. चारही चालू असताना एकूण येतं ९३.२. आता धाकटी तिन्ही यंत्रं बंदच करून टाकली, तरी ९२ उरतात. जेमतेम सव्वा डेसिबलचा फरक, कामगाराच्या लक्षातही येणार नाही. उलट त्या तिघांना हात न लावता मोठ्या यंत्राभोवती चांगली पेटी बांधून त्याला ८०वर आणलं, तर एकूण ८७.९ होतं. पाच डेसिबलहून जास्त कमी. पण आधी सोपं काम करायचं म्हणून लहान यंत्रांवर खर्च होतो आणि मग 'काही फरक पडत नाही' म्हणून सगळंच थांबतं. डेसिबलची बेरीज कळली असती तर कुठून सुरुवात करायची हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

---

कन्सोलवाला

मी लाइव्ह साउंड करतो, कोल्हापूर भागात. फळा_खडू सरांच्या एका मुद्द्याला हरकत आहे. दोन सारखे स्पीकर शेजारी ठेवून एकच सिग्नल दिला की ३ नाही, ६ डेसिबल वाढतात. आम्ही हे नेहमी मोजतो. सब-वूफरच्या, म्हणजे खालच्या पट्टीसाठीच्या स्पीकरच्या, बाबतीत तर हमखास.

---

फळा_खडू

तुमचं मोजमाप बरोबर आहे, आणि मुद्दा मोलाचा आहे. अकरावीच्या गणितांत ही अट सहसा लिहिलेली नसते.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातली चढउतार. दोन लाटा एका जागी भेटल्या की बेरीज दाबांची होते. तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तुमच्या दोन स्पीकरना एकच सिग्नल आहे, त्यामुळे दोन्ही लाटा एकदमच चढतात आणि एकदमच उतरतात. दाब दुप्पट होतो, तीव्रता चौपट, म्हणून ६. दोन वेगवेगळी यंत्रं मात्र आपापल्या तालात चालतात. एकाचा दाब चढताना दुसऱ्याचा कधी चढतो, कधी उतरतो. काही काळाची सरासरी घेतली की तीव्रतांची नुसती बेरीज उरते. म्हणून ३.

आणि लाटा बरोबर उलट्या असल्या तर दाब एकमेकांना खाऊन टाकतात. आवाज कमी करणारे हेडफोन बाहेरच्या घरघरीची उलटी लाट तयार करून हेच करतात.

---

कन्सोलवाला

बरोबर, आता जुळलं. आमच्याकडे यात अजून एक गोष्ट येते. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर. दोन सब एकमेकांना खेटून ठेवले तर त्यांच्यातलं मीटरभर अंतर लाटेच्या मानानं किरकोळ, त्यामुळे बहुतेक सगळीकडे पूर्ण ६ मिळतात. पण १००० हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटरची. तिथं श्रोता दोन पावलं सरकला की कुठं आवाज वाढतो, कुठं पडतो. म्हणून वरच्या पट्टीचे स्पीकर असे रचायचे नसतात. मंडळांच्या मिरवणुकीत एकावर एक थर लावतात त्यात खालचा दणदणाट भलताच वाढतो, आणि वरचा आवाज नुसता फाटतो. नीट रचलं तर निम्म्या सामानात चांगलं ऐकू येतं.

---

ताशा_कडकडाट

मिरवणुकीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मी पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात आहे. आवाज कमी करा म्हटलं की पथकं ढोलांची संख्या कमी करतात. ऐंशीचे चाळीस ढोल केले तर किती फरक पडतो?

---

मीटरवाली

सगळे ढोल सारखे धरले तर ३ डेसिबल. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला एवढा फरक कळला तर कळला. ऐंशीचे आठ केलेत तर १० डेसिबल, तेव्हा त्याला आवाज निम्मा वाटेल.

पण म्हणून ३ डेसिबलना क्षुल्लक समजू नका. कानाचं नुकसान आवाज किती मोठा 'वाटला' यावर ठरत नाही. ते आत किती ऊर्जा गेली यावर बरंचसं ठरतं. अमेरिकेतल्या नियॉश या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८मध्ये चार, ९१मध्ये दोन आणि ९४मध्ये एकच तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, कारण ऊर्जा दुप्पट. हाच हिशोब पुढं नेला तर १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटं होतात. तुमच्या पथकातली मुलं ढोलांच्या मधोमध तासन्‌तास उभी असतात. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० आहे, आणि मला ती जास्त वाटते. नियॉशच्या हिशोबात ९० डेसिबलमध्ये जेमतेम अडीच तास बसतात.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. नीट पिळून, आत सरकवून बसवले तर ते २० डेसिबलच्या आसपास सहज कमी करतात. २० म्हणजे शंभरावा हिस्सा. ताल बुडत नाही, उलट स्वच्छ ऐकू येतो. सरावालाही वापरा, नुसतं मिरवणुकीला नको. ताशावाल्यांनी तर नक्कीच. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमते. त्यामुळे ताशाचा कडक, वरच्या पट्टीतला आवाज कान आणखी वाढवून घेतो.

---

ताशा_कडकडाट

ताई, हे पथकाच्या ग्रुपवर टाकतो. बोळे सगळ्यांसाठी एकदमच मागवू. सरावानंतर कानात शिट्टी वाजते असं काही मुलं सांगतात.

---

मीटरवाली

ती शिट्टी म्हणजे कान थकल्याची खूण आहे, ती अंगवळणी पडू देऊ नका. ज्यांची दुसऱ्या दिवशीही जात नाही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा.

---

रात्रपाळी

पेपरात 'विसर्जन मिरवणुकीत सरासरी इतके डेसिबल' असं छापून येतं. ही सरासरी कशी काढतात? आणि एक सांगा, डीजेच्या वेळी खिडक्या थडथडतात, छातीत धडधडतं, तरी मोबाइलच्या ॲपवर आकडा फार मोठा दिसत नाही. असं का?

---

मीटरवाली

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्यामुळे लांबण लावते.

सरासरी: पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी गेली कित्येक वर्षं लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत विसर्जनाच्या दिवशी मोजमापं घेतात. कधी सरासरी नव्वदच्या आसपास येते, कधी शंभरच्या वर जाते. फार चिकाटीचं काम आहे. पण अशा आकड्यांची सरासरी आपण घरी काढताना जपायला हवं. एक तास ७० आणि एक तास ९० असेल तर नुसती बेरीज करून निम्मे केले की ८० येतात. ऊर्जेच्या हिशोबानं मात्र ८७ येतात, कारण ९०च्या त्या एका तासात ७०च्या शंभरपट ऊर्जा ओतली गेली. कायद्यात जी मर्यादा असते ती या ऊर्जेच्या सरासरीची असते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस-रात्रीतला तो १०चा फरक म्हणजे रात्री तीव्रता दिवसाच्या एक दशांशच चालेल, असा अर्थ.

आता खिडक्या. नियमातले आकडे 'डेसिबल ए'मध्ये आहेत. कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही, खालच्या पट्टीला तो बराच मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली माणसांच्या कानांवरून याचे आलेख काढले. त्यातल्या हळू आवाजाच्या आलेखाला धरून 'ए' ही गाळणी ठरली. १००० हर्ट्झला ती काही वजा करत नाही. १०० हर्ट्झला १९ वजा करते, ६३ला २६, ५०ला ३०. म्हणजे ६३ हर्ट्झचा ११० डेसिबलचा दणका 'ए'वर ८४ दिसतो. पण मोठ्या आवाजात कान खालच्या पट्टीला इतका मंद राहत नाही, आणि खिडकीची काच तर कुठलीच गाळणी लावत नाही. 'सी' नावाची दुसरी गाळणी ६३ला एकाहूनही कमी वजा करते. माझं स्पष्ट मत आहे की सब-वूफरच्या भिंती मोजायच्या तर 'ए'सोबत 'सी'चं मोजमापही सक्तीचं हवं. नुसत्या 'ए'नं मोजलं की शेजाऱ्याचा खरा त्रास कागदावर येतच नाही.

मोबाइलवर फार विसंबू नका. त्याचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठा आवाज तो आपणहून दाबतो, आणि खालची पट्टी बरीचशी गाळून टाकतो. आमचं मीटर दर मोजमापाआधी एका ठरावीक सुराशी जुळवून घ्यावं लागतं. तो सूर बहुतेकदा ९४ डेसिबलचा असतो, १००० हर्ट्झचा. कृष्णाकाठची, ९४च का असेल, शोध बघू?

---

कृष्णाकाठची

दाबावरून केलं. जेमतेम ऐकू येणारा दाब २० मायक्रोपास्कल असतो. दाबाच्या पटीच्या लॉगला २०नं गुणायचं, कारण तीव्रता दाबाच्या वर्गात जाते. १ पास्कल म्हणजे ५०,००० पट. त्याचा लॉग ४.७. गुणिले २०, बरोबर ९४! म्हणजे ९४ डेसिबल म्हणजे १ पास्कल?

---

मीटरवाली

शाब्बास. हवेचा नेहमीचा दाब एक लाख पास्कलच्या वर आहे. त्यात एका पास्कलची थरथर झाली की ९४ डेसिबल. कान किती बारीक फरक टिपतो बघ.

---

जुनी_पानं

थोडा इतिहास. हे एकक कानासाठी जन्मलंच नव्हतं, तारेसाठी जन्मलं. लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारेत आवाज क्षीण होत जातो. अमेरिकेतले अभियंते तो ऱ्हास 'इतक्या मैल प्रमाण केबलइतका' असा मोजत. तारेचा प्रत्येक तुकडा सिग्नलला ठरावीक पटीनं कमी करतो, त्यामुळे तुकडे जोडले की पटींचा गुणाकार होतो. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, आणि कागदावरचा हिशोब सोपा होतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी लॉगवर आधारलेलं नवं एकक आणलं आणि १९२८मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल नाव दिलं. बेलचा दहावा भाग, म्हणून सूत्रात १० येतो.

आणि एक थक्क करणारी नोंद. २७ ऑगस्ट १८८३ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४,८०० किलोमीटरवर, तोफा डागल्यासारखा आवाज ऐकू आला. सुमारे १६० किलोमीटरवरच्या बटाव्हियातल्या (आजच्या जकार्तातल्या) गॅस कारखान्याच्या दाबमापकावरही त्याचा धक्का नोंदला गेला. त्यावरून हिशोब केला तर तिथं १७२ डेसिबलच्या आसपास येतात.

---

फळा_खडू

उत्तम भर. मुलांनो, हवेत वरची मर्यादा कुठं येते तेही यातून काढता येतं. दाबाची लाट वर जाते तेवढीच खालीही येते. खाली येताना दाब शून्याखाली जाऊ शकत नाही. चढउताराची उंचीच हवेच्या पूर्ण दाबाएवढी झाली की १९४ डेसिबल होतात. त्यापुढे नेहमीची ध्वनिलाट राहत नाही, धक्क्याची लाट होते.

---

रात्रपाळी

दिवाळी जवळ आलीय म्हणून विचारतो. फटाक्यांना १२५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणतात. ती कुठून मोजायची?

---

मीटरवाली

फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर. अंतर सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थच नाही, आणि बातम्यांत नेमकं तेच गाळलेलं असतं. ४ मीटरवर १२५ असेल तर मोकळ्या मैदानात ८ मीटरवर ११९, आणि ४० मीटरवर १०५. दोन्हीकडे इमारती असलेल्या गल्लीत आवाज भिंतींवरून परत येतो, तिथं इतका उतार मिळत नाही.

माळेचा नियम वेगळा आहे. माळेत जितके फटाके, त्या संख्येच्या लॉगला ५नं गुणायचं आणि तेवढी मर्यादा खाली आणायची. हजारची माळ असेल तर लॉग ३, पाच त्रिक पंधरा, म्हणजे माळेतल्या प्रत्येक फटाक्याला ११०च. सरकारी नियमात लॉग असा उघडपणे बसलेला फार क्वचित दिसतो, म्हणून मला हा नियम आवडतो.

---

कृष्णाकाठची

आमचं घर हायवेपासून जवळ आहे. काकांच्या नव्या घराचं अंतर आमच्या दुप्पट आहे. मग तिथं ६ डेसिबल कमी का?

---

फळा_खडू

नाही, साधारण ३. ६चा नियम एका ठिकाणी असलेल्या स्रोताचा आहे, आवाज गोल होऊन पसरतो म्हणून. रहदारीनं भरलेला रस्ता ही आवाजाची लांबलचक रेघ आहे. तिथून आवाज नळकांड्यासारखा पसरतो. अंतर दुप्पट झालं की पृष्ठभागही दुप्पटच होतो, चौपट नाही. म्हणून हायवेचा आवाज इतका लांब पोचतो, विशेषतः रात्री ट्रकांची रांग लागली की.

आता तुला एक गणित. इमारतीच्या आवारात जनरेटर आहे. १० मीटरवर ७४ डेसिबल. मोकळी जागा धर. आवाज ५५वर यायला किती लांब जावं लागेल? आणि तसेच दोन जनरेटर शेजारी असले तर?

---

कृष्णाकाठची

७४ मधून ५५ गेले १९. १९ भागिले २० म्हणजे ०.९५. १०चा ०.९५वा घात ८.९. म्हणून ८९ मीटर.

दोन असतील तर १० मीटरवर ७७. फरक २२. १०चा १.१वा घात १२.६, म्हणून १२६ मीटर. आणि १२६ म्हणजे ८९ गुणिले १.४१! स्रोत दुप्पट झाला तरी अंतर दुप्पट करावं लागत नाही, दोनच्या वर्गमुळाएवढंच वाढवावं लागतं. तीव्रता अंतराच्या वर्गानं कमी होते म्हणून. हे मी सूत्रात शोधलं नव्हतं, आकड्यांत दिसलं.

---

फळा_खडू

दोन्ही उत्तरं बरोबर, आणि दोनच्या वर्गमुळाचं निरीक्षण पूर्ण गुणांचं. ३ आणि ६ एकाच गणितात कसे बसतात ते तू स्वतः काढलंस.

---

मीटरवाली

छान सोडवलंस. प्रत्यक्ष जागेवर जाशील तेव्हा एक पायरी वाढव. जनरेटर चालू असताना मोज आणि बंद करूनही मोज. समजा चालू असताना ५८ आले आणि बंद असताना ५५. तर जनरेटरचा स्वतःचा आवाज ३ नव्हे, ५५ आहे, कारण ५५ आणि ५५ मिळून ५८. दोन मोजमापांतला फरक ३हून कमी निघाला तर त्या मोजमापावरून जनरेटरबद्दल काही ठरवायचं नाही. रात्री रहदारी कमी झाल्यावर परत जाऊन मोजायचं.